जिल्हा परिषदेतील वर्षे विसरू नयेत

आर. आर. पाटील यांच्या कारकिर्दीवरील लेख वाचला. त्यात सांगली जिल्हा परिषदेतील वर्षांना जेमतेम एक ओळ मिळाली, हे खटकले. १९९०मध्ये तासगावचे आमदार होण्यापूर्वी ते सुमारे दशकभर जिल्हा परिषद सदस्य होते. पाणी, शाळा, रस्त्याचा प्रस्ताव नेमका कोणत्या टेबलावर अडतो, हे तिथेच कळते. ग्रामविकासमंत्री म्हणून त्यांनी राबवलेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान लोकांच्या श्रमदानावर उभे राहिले, कारण गाव त्यांना आतून ठाऊक होते. पण अशा स्थानिक संस्थांच्या निवडणुकाच रखडल्या, तर ही शिकण्याची जागा बंद होते. मुंबई महापालिकेवर मार्च २०२२ पासून काही वर्षे निवडून आलेल्या नगरसेवकांऐवजी प्रशासक होता. त्यात नागरिकांचे नुकसान झालेच, शिवाय उद्याचे आमदार घडायचेही राहिले. या संस्थांची मुदत संपण्याआधी निवडणूक घेणे संविधानाने बंधनकारक केले आहे. ते पाळलेच पाहिजे.

– एक वाचक