कलमं विकू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल मामाचा फोन आला. सड्यावरची आंब्याची कलमं बघायला गिऱ्हाईक येऊन गेलं म्हणाला. बाबा, बयाणा घेतला असेल तर उद्याच्या उद्या परत करा. माझ्या घरासाठी ती विकायची नाहीत. गरजच नाही, कारण घर मिळालंय, आणि पहिला हप्ता मी मंगळवारी भरलासुद्धा.

तुम्हाला न विचारता केलं. फोनवर सांगणार होते, पण आईचा आवाज ऐकला की मला पुढचं बोलता येत नाही, म्हणून लिहितेय. 19 फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या दिवशी, ओव्हरटाइम आहे म्हणाले होते ना? त्या दिवशी सिडकोची सोडत होती. 26 हजार घरांची योजना, त्यात माझा नंबर तळोज्याला लागला. आधी सांगितलं असतं तर बाबांनी त्याच रात्री कलमांचं काढलं असतं आणि आईने पाटल्या उतरवून ठेवल्या असत्या. मला ते बघवलं नसतं.

पैशांचं ऐका. किंमत 25 लाखांच्या थोडी वर. पंतप्रधान आवास योजनेचे अडीच लाख वजा, म्हणजे केंद्राचे दीड आणि राज्याचा एक. साडेचार लाख माझे साठलेले. बाकी कर्ज, 20 वर्षांचं, महिन्याला साधारण साडेपंधरा हजार. किसननगरच्या खोलीला आपण अकरा हजार देतोच की. नव्या घरात राहायला गेलो की ते वाचतील. आई, रविवारचा कसला क्लास म्हणून विचारायचीस, तो हाच. वागळेतल्या एका संस्थेच्या ताई पहिलं घर घेणाऱ्यांना शिकवतात, एक पैसा घेत नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज वेळेवर फेडण्याचे गुण, काढला. मोबाइलचे दोन हप्ते चुकले होते, त्यानेच तो उतरलेला. मग पगार झाला की आधी घराचे पैसे बाजूला, हे तीन वर्षं पाळलं.

बाबा, तुम्हाला सहकर्जदार घेतलं नाही. नानांना जामीन राहून तुम्ही केलेल्या त्या सहीचा याच्याशी काही संबंध नाही, हे दोनदा वाचा. निवृत्त माणूस सोबत असला की बँक मुदत कमी करते आणि हप्ता वाढतो, एवढंच. ती सही तुम्ही भावासाठी केलीत. मीही केली असती.

अर्जाच्या कागदांत एकच गोष्ट जड गेली. भारतात कुठेही माझ्या नावावर पक्कं घर नाही, असं शपथपत्र द्यायचं होतं. खरंच नाही, गावचं घर आजोबांच्या नावावर. तरी सही करताना हात थांबला. मागची पडवी आठवली, आणि मग किसननगरच्या आपल्या पाचही खोल्या. पाची मालकांचा नियम एकच, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आई, तू कालनिर्णय खिडकीच्या गजाला सुतळीने बांधायचीस. वाऱ्याने पानं फडफडायची, मग एका हाताने ते दाबून धरून दुसऱ्या हाताने दुधाचा खाडा लिहायचीस. देव कायम फ्रीजवर. खोली बदलताना टेंपोत पुढे मी तुझ्या मांडीवर, माझ्या मांडीवर देवांचा डबा, आणि बाबा मागे कपाटाला धरून उभे. मला तेव्हा ती सहल वाटायची. तुम्ही दोघं गप्प का असायचात ते आत्ता कळतंय.

घर लहान आहे, 30 चौरस मीटरच्या आतलं. पण लिफ्ट आहे, बाबांना जिने चढायला नकोत. ठाण्याहून बेलापूरला लोकल आहे, तिथून पेंधरपर्यंत मेट्रो, पुढे रिक्षा. पनवेल जवळ, त्यामुळे गावाला येताना गाडी तिथेच पकडायची, दिवा स्टेशनात चेंगरायला नको. एमआयडीसीचा वास रात्री येतो असं सगळे सांगतात, म्हणून मी दोन रात्री मुद्दाम तिथे जाऊन उभी राहिले. एकदा आला, एकदा नाही. खोटं सांगत नाही. बाबांच्या छातीला त्रास व्हायला लागला तर तुम्ही सहा महिने गावी आणि सहा महिने माझ्याकडे राहा. म्हणून तरी कलमं राहू देत.

आई, लग्नाचे पैसे घरात घातले असं मनात आणू नकोस. लग्न करणार नाही असं मी म्हटलेलं नाही.

बाबा, रक्त पातळ होण्याची गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही. स्टेंट घातल्याला वर्ष व्हायचंय अजून. आंबे काढायला गडी लावा, तुम्ही खाली खुर्ची टाकून बसा. आई, विहिरीचं पाणी ओढू नकोस, पंप कशाला घेतलाय? गुडघा सुजला तर लगेच डॉक्टरकडे जा, लेप लावत बसू नकोस.

ताबा मिळायला अजून वेळ आहे. तोवर एक काम कर. माळ्यावर आजीचा देव्हारा आहे, त्याची लांबी-रुंदी कळव. वितीने नको, टेपने मोज. कुठल्या भिंतीला टांगायचा ते तू इथे येऊन सांग, खिळा बाबा ठोकतील.

आणि बाबा, त्या गिऱ्हाइकाला उद्या सकाळीच फोन करा.

तुमची,
छकुली