चार पदरी रस्ता अचानक संपतो तिथे

महोदय,

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं. तेव्हापासून ‘कधी पूर्ण होणार’ या प्रश्नाला दरवर्षी नवी तारीख मिळते. बडोद्यात स्थायिक झालेल्या आम्हा कोकणवासीयांची मागणी त्याहून लहान आहे. रस्ता व्हायचा तेव्हा होवो, तोवर अर्धवट रस्त्यावर अपघात तरी टाळा.

बडोद्याहून सकाळी उशिरा निघालेली गाडी पनवेल ओलांडेपर्यंत रात्र होते. नव्या काँक्रीटवर चालक साहजिकच वेग घेतो. आणि मग कसलीही पूर्वसूचना नसताना समोर मातीची पोती, आडवे पडलेले दोन ड्रम आणि चिखलाने माखलेला ‘डायव्हर्जन’चा बोर्ड! त्याच वळणावर समोरून अप्पर लाइट मारत ट्रेलर. खड्ड्यांच्या रस्त्यावर माणूस जपून तरी चालवतो. चांगला रस्ता दगा देतो तिथे घात होतो.

काम चालू असताना आधी सूचनाफलक, मग हळूहळू निमुळता होणारा रस्ता, रात्री चमकणाऱ्या पट्ट्या, हे सारं इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी-५५ या मार्गदर्शिकेत लिहिलेलं आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं. सदोष रस्त्यामुळे कुणी दगावलं वा अपंग झालं, तर कंत्राटदाराला किंवा संबंधित यंत्रणेला दंड होऊ शकतो. जास्तीत जास्त एक लाख. (एवढ्याने कोणाचं काय बिघडणार म्हणा!)

या महामार्गावरच्या वाहतूक कोंडीचं मूळ माणगाव. गोव्याकडे जाणारे, ताम्हिणीतून उतरलेले पुणेकर आणि मोर्बा रोडने श्रीवर्धनला निघालेले, सगळे त्याच बाजारपेठेत येऊन अडकतात, कारण बायपास रखडलेला. बडोद्याजवळ जांबुवा, पोर, बामणगामच्या अरुंद पुलांवर सहा पदरी हायवे कसा आखडतो, हे बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. गणपतीत अवजड वाहनं बंद ठेवतात, त्याने थोडा फरक पडतो. पण बाजारातलं पार्किंग आणि रिक्षा त्या दिवसांपुरत्या हलवल्या, चौकात चोवीस तास पोलीस ठेवले, तर जास्त पडेल. याच महामार्गावरचा, महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूल ऑगस्ट २०१६मध्ये वाहून गेला आणि वर्षाच्या आत नवा उभा राहिला. मनावर घेतलं की होतं.

गणपतीपूर्वी अधिकाऱ्यांनी पनवेल ते चिपळूण रात्री, शक्यतो पावसात, स्वतः गाडी चालवत जावं. जिथे जिथे करकचून ब्रेक दाबावा लागेल, तिथे दुसऱ्या दिवशी दिवे आणि बोर्ड लागावेत.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे