मोजायचं कशासाठी, असं तू विचारलंस म्हणून

रेंक, दक्षिण सुदान

प्रिय संजय,
सप्रेम नमस्कार.

"भुकेल्या माणसांना प्रश्न विचारत काय फिरता, तेवढ्या पैशांत धान्य वाटा की," असं तू लिहिलंस. राग आला नाही, पण यावर तुला नीट उत्तर द्यायलाच हवं.

एप्रिल 2023 मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटलं, तेव्हापासून जोडा नाक्यावरून सीमा ओलांडून माणसं इथे येताहेत. आमचं काम मेळघाटात आपण केलं तेच. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा दंडघेर मोजायचा. 115 मिलिमीटरच्या खाली भरला की पोर सॅममध्ये, म्हणजे अतितीव्र कुपोषित. मग दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरायचा. परवा एका मुलीच्या पायावर पडलेला खळगा भरूनच येईना. आईला वाटत होतं, लेकीने जरा अंग धरलंय. ती कुपोषणाची सूज आहे हे तिला सांगताना माझा आवाज फुटेना. चिठ्ठी लिहून दोघींना तडक दवाखान्यात पाठवलं. अशी चिठ्ठी हाती न ठेवता नुसती उत्तरं लिहून उठणारा सर्व्हे मला मान्यच नाही.

दुसरा भाग फार जड जातो. "गेल्या रमजान ईदला घरात कोण कोण होतं? त्यातलं आज कोण नाही?" बाई बोटांवर नावं मोजत जाते आणि मध्येच थांबते. आमचे इथले सहकारी तेव्हा पेन खाली ठेवून बसून राहतात. घाई करत नाहीत.

आता झमझमचं ऐक. सुदानच्या दारफुरमधली, एल फाशर शहराजवळची विस्थापितांची छावणी. 2024 च्या सुरुवातीला 'मेदसाँ साँ फ्राँतिए' या डॉक्टरांच्या मदतसंस्थेच्या लोकांनी तिथे अशीच पाहणी केली आणि जगाला सांगितलं, इथे दर दोन तासांना एक मूल दगावतंय. तिथला दुष्काळ अधिकृतपणे मान्य व्हायला ऑगस्ट उजाडला, कारण त्याचे निकष कडक आहेत: दहा हजार माणसांमागे दिवसाला दोन मृत्यू, 30 टक्के मुलं तीव्र कुपोषित, 20 टक्के घरांत अन्नाचा टोकाचा तुटवडा. तरीही सुदानच्या सरकारने तो नाकारलाच. आकड्याने शहराभोवतीचा वेढा उठत नाही, हे मलाही कळतं. पण आकडा नसता तर नाकारायचीसुद्धा गरज पडली नसती. ती पोरं कुणाच्या खिजगणतीतच नसती. आणि कुठल्या छावणीत पोषक आहाराची किती पाकिटं पाठवायची, हे तरी कशावरून ठरवणार?

मुक्काम वाढवतोय. आईला तूच सांग, फोनवर मला धीर होत नाही. वहिनींना नमस्कार. अजून पटलं नसेल तर सविस्तर लिही, मी वाट पाहतोय.

तुझा,
अविनाश