आईच्या मातीला मी का रडलो

मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस ना, की तुमच्यात तर गेलेली माणसं पुन्हा उठणार असं मानतात, मग आईच्या मातीला तू एवढा का रडलास, तेव्हा मी काहीतरी पुटपुटलो आणि विषय बदलला. पण ते डोक्यातून जाईना. आत्ता चर्चहून आलोय, घरात कोणी नाही, म्हटलं लिहूनच टाकू.

पेटी खाली सोडल्यावर सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली, तू पण पुढे येऊन टाकलीस, ते मी विसरणार नाही. तेव्हाच नात्यातले एक काका खांद्यावर हात ठेवून म्हणाले, रडू नको बाळा, विश्वासणाऱ्याने रडायचं नसतं, आई प्रभूच्या घरी गेली. चांगल्या मनाने म्हणाले, पण मला लागलं ते. येशूचा मित्र लाजर मेला तेव्हा येशू त्याच्या गावी, बेथानीला, पोचला तो चार दिवसांनी, आणि आता थोड्या वेळात आपण ह्याला कबरेतून बाहेर बोलावणार हे त्याला पक्कं माहीत होतं, तरी लाजरच्या बहिणीला, मरीयेला, रडताना बघून तो स्वतः रडला. बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायात आहे, दोनच शब्दांचं वचन, "येशू रडला". मग मी कोण न रडणारा? येशूचा प्रेषित पौल, ज्याची पत्रं बायबलात आहेत, त्याने पण थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला दुःखच करू नका असं नाही लिहिलं, आशा नसलेल्यांसारखं करू नका असं लिहिलंय. करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिताना तर तो मरणाला सरळ शत्रू म्हणतो, शेवटचा शत्रू. शत्रू घरात शिरून आईला घेऊन गेला तर माणूस रडणारच ना रे.

आता आशा कसली ते सांगतो. आमच्यातल्याही बऱ्याच जणांना वाटतं की शरीर म्हणजे जुना कपडा, टाकला आणि आत्मा वर गेला, झालं. आत्मा प्रभूजवळ असतो हे आम्ही मानतोच, शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला येशू म्हणाला होता की आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. पण ती अर्धीच गोष्ट. विश्वासांगीकारात, म्हणजे आमचा विश्वास काय ते आम्ही चर्चमध्ये मिळून म्हणतो त्यात, शब्द आहेत ते शरीराचं पुनरुत्थान, शरीराचं! पौल पेरणीचं सांगतो करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात, की दाणा मातीत जातो आणि जे वर येतं ते वेगळंच असतं, पण प्रत्येक बियाला देव त्याचंच शरीर देतो. तुझी तर शेती आहे, तुला काय सांगायचं, कणीस दाण्यासारखं दिसत नाही पण ज्वारी पेरली तर ज्वारीच येते.

आणि हे नुसतं बोलणं नाही, आमच्यासाठी एकाच्या बाबतीत ते घडून गेलंय. उठलेला येशू काही भूत नव्हता, त्याने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला, नंतर सरोवराच्या काठी कोळसे पेटवून त्यांच्यासाठी न्याहारी केली. मग्दालीया मरीया म्हणून त्याची एक शिष्या होती, लाजरची बहीण ती वेगळी, तिला तो बागेचा माळी वाटला, "मरीये" अशी हाक मारली तेव्हा ओळखलं तिने. आणि खिळ्यांच्या खुणा हातावर तशाच होत्या, थोमा नावाच्या शिष्याला त्याने दाखवल्या. ह्यावर मी किती वेळा थांबतो सांगू, कारण आईच्या अंगठ्यावर विळीने कापल्याचा वण होता, तुला माहितीय, भाकरी थापताना तो दिसायचा. मला तोच हात पाहिजे. ढगातली कुठली तरी ज्योत नको, ती माझ्या नावाने हाक मारणारी आई पाहिजे, आणि देव तेच देणार असं त्याने म्हटलंय.

रात्री कधी कधी हे सगळं लांबचं वाटतं, खोटं नाही बोलत. मग आठवतं की ख्रिस्ती लोक कबरस्थानाला फार पूर्वीपासून ग्रीकमध्ये जो शब्द वापरत आले त्याचा अर्थ निजायची जागा. आमच्यात पण म्हणतात ना, प्रभूमध्ये निजली. निजलेल्याला कोणीतरी उठवतं.

ईस्टरला, येशू उठला त्या सणाला, पहाटे मी तिच्या कबरेवर जाणार आहे, अंधार असतानाच. मेणबत्त्या घेतल्यात, मोगरा मिळाला तर बघतो. तू येशील का? ती तुलाही पोराच्याच हक्काने दटावायची.

तुझाच