कॅसांड्राने मला नाही म्हटलं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत व्हिडिओ गेममधल्या प्रेमप्रकरणांवर एक लेख आला होता. 'समलिंगी प्रेम आता खेळांतूनही माथी मारलं जातंय' असा त्याचा एकूण सूर. लेखकमहाशयांनी यातला एकही गेम खेळलेला नसावा अशी शंका मला पहिल्याच परिच्छेदात आली. 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन' या गेममधलं डोरियन हे पात्र 'खेळाडूच्या गळ्यात पडतं' हे वाक्य वाचलं आणि शंका फिटली.

मी सांगलीत टॅक्सची रिटर्न भरून देण्याचं काम करते. वय ४६. सीझन संपला की रात्री साडेदहानंतर घरातल्या टीव्हीचा ताबा माझ्याकडे असतो, कारण प्लेस्टेशन माझा आहे. मुलीचा नाही, माझा.

आधी माथी मारण्याबद्दल. 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन'मध्ये (२०१४) कुणाशी बोलताना उत्तरांचं एक चाक पडद्यावर येतं. ज्या उत्तरापुढे हृदयाचं चिन्ह, ते फ्लर्ट. ते दाबलं नाही तर अख्खा गेम संपेल, ड्रॅगन मरतील, जग वाचेल आणि तुमचा हातसुद्धा कुणी धरणार नाही. मी दाबलं. माझी नायिका बाई, समोर कॅसांड्राही बाई. तलवारबाज, कपाळावर कायम आठी, आणि चोरून प्रणयकथा वाचणारी. अशा बाईला छेडायचा मोह कुणाला होणार नाही? दोन-तीनदा हृदय दाबलं, आणि एक दिवस तिनेच विषय काढला. तुझं काय चाललंय ते माझ्या लक्षात आलंय, पण माझं मन तिकडे नाही, अशा अर्थाचं काहीसं अवघडून, पण स्पष्ट बोलली. रागावली नाही, तोडूनही बोलली नाही. मी कंट्रोलर मांडीवर ठेवून हसत बसले. इतकी वर्षं गेम खेळतेय, पण खेळातल्या माणसाने मला इतकं नीट कधी नाकारलं नव्हतं.

या गेममध्ये प्रत्येकाची आवड ज्याची त्याची आहे. कॅसांड्राला पुरुष हवा. सेराला बाईच हवी. जोसेफिन आणि आयर्न बुल यांना दोन्ही चालतात. सोलस तर एल्फ जातीच्या बाईखेरीज कुणाच्या प्रेमातच पडत नाही. जात पाहून स्थळ! त्याला सांगलीतल्या कुठल्याही वधू-वर मेळाव्यात पहिल्या रांगेत बसवता येईल.

आता डोरियन. हा जादूगार पुरुषांवर प्रेम करणारा. माझ्या नायिकेच्या गळ्यात पडायचा प्रश्नच नाही. त्याचं खरं प्रकरण घडतं रेडक्लिफ गावातल्या खानावळीत. घरचा जुना नोकर भेटायला येणार असं सांगून त्याला बोलावलेलं असतं, आणि आत बघतो तर बाप उभा. डोरियनच्या देशातल्या जादूगार घराण्यांत रक्त शुद्ध राहावं म्हणून लग्नं जुळवतात. मुलाने लग्न करावं, वंश चालवावा, बाकीचं दाराआड, अशी रीत. डोरियनने जन्मभर हे सोंग वठवायला नकार दिला. तेव्हा बापाने रक्ताच्या जादूने पोराचं मनच बदलायचा घाट घातला. आणि ही जादू दुबळ्यांचा मार्ग, तिला हात लावायचा नाही, हे याच बापाने त्याला लहानपणापासून शिकवलेलं. तो प्रसंग पाहताना माझ्या हातातला चहा निवला. शेवटी आपल्याला ठरवायचं असतं: डोरियनला घेऊन निघायचं, की बापाचं ऐकून घे म्हणायचं. मी पहिल्या खेपेला निघाले. दुसऱ्यांदा खेळले तेव्हा थांबले.

हा गेम तेव्हा भारतात मिळालाच नाही. स्थानिक कायद्यांचा भंग होऊ नये म्हणून प्रकाशकांनी विक्री मागे घेतली आणि आगाऊ नोंदणीचे पैसे परत करू असं जाहीर केलं. अडचण नग्नतेची होती की डोरियनची, हे काही त्यांनी फोडून सांगितलं नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ ला कलम ३७७ पुन्हा लागू केल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे लोकांनी काय तर्क लढवायचे ते लढवलेच. (ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं गेलं ६ सप्टेंबर २०१८ ला.) माझी डिस्क दिराने लंडनहून आणली, लोकरीच्या मोज्यांत गुंडाळून.

लेखातल्या तक्रारीच्या बरोबर उलट तक्रार माझी आहे. 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) मध्ये मुख्य सहाही सोबती कुणाच्याही प्रेमात पडायला तयार असतात. तुम्ही बाई असा, पुरुष असा, नाहीतर तोंडातून आग ओकणारे ड्रॅगनबॉर्न असा. पहिल्या अंकात विजयाची मेजवानी होते, त्या एका रात्रीत माझ्याकडे तिघांनी सूचक बोलून झालं. लग्नाच्या जेवणात पंगतीला वाढपी येतात तसे एकामागून एक. गेम सुरेख आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मला त्या रात्री कॅसांड्राची आठवण आली. 'स्कायरिम'मध्ये (२०११) तर गळ्यात मारा देवीचा ताईत घातला आणि एखाद्याचं छोटंमोठं काम करून दिलं की पुरे, लग्नाला तयार असलेली माणसं तुम्ही बाई की पुरुष हे विचारतसुद्धा नाहीत.

यातला मला सगळ्यात खटकलेला नमुना 'ड्रॅगन एज २' (२०११) मधला. त्यातल्या अँडर्स या जादूगाराचा कार्ल नावाचा जुना सोबती असतो. नायक पुरुष असेल तर अँडर्स सांगतो की कार्ल आणि आपलं प्रेम होतं. नायिका असेल तर त्यातलं अवाक्षर नाही. म्हणजे समोर कोण बसलंय ते बघून माणसाचा भूतकाळच बदलायचा? आमच्या धंद्यात याला दोन वह्या ठेवणं म्हणतात.

हे सगळं मी बंगळुरातल्या मावसभावाला फोनवर ऐकवलं. तो त्याच्या जोडीदाराबरोबर राहतो. हे त्याला विचारूनच लिहितेय. तो म्हणाला, ताई, तुला नकाराचं कौतुक, कारण तुला बाकी सगळीकडे होकारच होता. त्याने हिशोब मांडला: २००९ च्या पहिल्या 'ड्रॅगन एज'मध्ये पुरुष नायकाला पुरुष म्हणून एकटा झेवरान. 'मास इफेक्ट' २००७ ला आला, पण त्यातल्या पुरुष नायकाला, शेपर्डला, पुरुषावर प्रेम करायला २०१२ चा तिसरा भाग उजाडावा लागला. तेव्हा कुठे स्टीव्ह कॉर्टेझ आला, शटल यानाचा वैमानिक. नवरा हल्ल्यात गेलेला, आणि हा त्याचा शेवटचा आवाज पुन:पुन्हा लावून ऐकत बसलेला. पाच वर्षं थांबल्यावर सहाच्या सहा दारं उघडी मिळाली तर मी तक्रार करू का, असं त्याने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आकडे त्याच्या बाजूचे होते, आणि आकड्यांपुढे मी गप्प बसते.

तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. दारं सहा असावीत, सोळा असावीत, पण आत राहणाऱ्याने कधीतरी 'तुझ्यासाठी नाही' म्हणावं. डोरियन बाईला नाही म्हणतो, म्हणून तर त्याचं पुरुषाला हो म्हणणं खरं वाटतं. एवढं मावसभावालाही पटलं. खानावळीतल्या त्या प्रसंगात तू काय निवडलंस, असं मी विचारलं. 'निघालो,' म्हणाला. मावशी अजून त्याच्या घरी गेलेली नाही, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

लेखकमहाशयांना एक विनंती आपल्यामार्फत पोचवावी. याच विषयावर पुढचा लेख लिहिणार असतील तर आधी डोरियनला भेटून यावं. डिस्क माझ्याकडे आहे, खुशाल न्यावी. फक्त आठव्या मिनिटाला अडकते, तेव्हा मऊ कापडाने पुसून पुन्हा घालावी. आणि परत आणून द्यावी, दीर आता लंडनला नसतो.

आपली,
एक नियमित वाचक, विश्रामबाग, सांगली
(नाव छापू नये. क्लायंट मंडळी आपलाच पेपर घेतात.)