तुमचा स्मार्ट स्पीकर परत घ्या आणि माझ्या आईची लेखी माफी मागा

मॅनेजमेंटला,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला आणि दोन मिनिटांत मेसेज आला की तुमची समस्या सोडवली आहे, तिकीट बंद करत आहोत, सेवेला पाचपैकी किती स्टार द्याल. समस्या सुटलेली नाही. उलट शेवटच्या कॉलवर तुमच्या माणसाने परत रिसेट मारायला लावलं, त्यामुळे जे अर्धंमुर्धं चालत होतं तेही गेलं, आता नुसता नारंगी लाइट फिरतोय आणि ॲप म्हणतंय डिव्हाइस सापडत नाही. तिकीट न सोडवता बंद करायची ही तुमची पहिली वेळ नाही, म्हणून आता केअरला नाही, थेट तुम्हाला लिहितोय.

स्पीकर मी माझ्यासाठी घेतलेला नाही. आई कराडला एकटी राहते, तिला काचबिंदू आहे, समोरचं थोडं दिसतं पण बाजूचं जवळजवळ नाही, फोनच्या स्क्रीनवरची बारीक अक्षरं तर विसराच. तुमच्या जाहिरातीत पांढऱ्या केसांची आजी स्वयंपाकघरातून नुसता आवाज देते आणि नातवाला फोन लागतो, औषधाची आठवण होते, रेडिओ सुरू होतो. ती जाहिरात बघूनच तुमच्याच वेबसाइटवरून साडेपाच हजार रुपये भरून घेतला. म्हणजे तुम्ही ज्या माणसासाठी ही वस्तू आहे असं सांगताय, बरोबर त्याच माणसाच्या घरी ती आली. तिथेच ती चालत नाही, हे माझं म्हणणं आहे, बाकी सगळं त्यातूनच येतं.

वाय-फायचं आधी सांगतो. वाय-फायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन बँड असतात, तुमचा स्पीकर फक्त २.४ वर चालतो, हे तुम्हाला माहीत आहे. आजकाल फायबरवाले जे राउटर बसवतात त्यात २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने येतात आणि फोन आपला आपण ५ वर जाऊन बसतो, हेही तुम्हाला माहीत आहे. मग ते डब्यावर का नाही? मॅन्युअलमध्ये का नाही? तिथे नुसतं "वाय-फाय आवश्यक" एवढंच. केअरवाल्यांनी प्रत्येक वेळी तेच सांगितलं, ॲप काढा, परत टाका, कॅशे क्लिअर करा, राउटर बंद करून चालू करा, एकाने तर फोनच फॅक्टरी रिसेट करा म्हणून सांगितलं. आईच्या फोनवर तिचे सगळे फोटो, बँकेचं ॲप, डॉक्टरांचे रिपोर्ट, ते सगळं एका स्पीकरसाठी पुसायचं? शेवटी मीच राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन बँडची नावं वेगळी केली, फोन २.४ वर घेतला आणि स्पीकर लगेच जोडला गेला. जे एका ओळीत सांगता आलं असतं ते तुमच्या एकाही माणसाने सांगितलं नाही. एक ओळ डब्यावर छापा ना, काय जातंय तुमचं?

बरं, राउटरचं सोडा, ते मी केलं. पण ॲपचं काय? तुमचं म्हणणं स्पीकर आवाजावर चालतो, पण तो चालू होईपर्यंत सगळी कामं डोळ्यांनीच करायची आहेत. लोकेशनची परवानगी द्या, ब्लूटूथ चालू करा, माइकची परवानगी द्या, अकाउंट उघडा, ओटीपी टाका, अटी मान्य करा. लोकेशन कशाला लागतं हे ॲप सांगत नाही, म्हातारी माणसं घाबरून नको म्हणतात आणि तिथेच सेटअप अडकतो. आईच्या फोनला टॉकबॅक चालू आहे, तो स्क्रीनवर बोट ठेवलं की तिथे काय आहे ते वाचून दाखवतो. तिच्या बँकेच्या ॲपमध्ये तो नीट वाचतो. तुमच्या ॲपमध्ये पुढे जायच्या बटनावर बोट ठेवलं की तो म्हणतो "अनलेबल्ड बटन". परत जायच्या बटनावरही तेच. रद्द करायच्या बटनावरही तेच. आईने कुठलं दाबायचं? बटनाला नाव देणं हे डेव्हलपरचं पाच मिनिटांचं काम आहे, ते पण केलेलं नाही. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आवाजाची वस्तू बनवताय आणि तिचं दार मात्र डोळसांनीच उघडायचं.

मग भाषेचं. डब्यावर मोठ्या अक्षरात "भारतीय भाषा" असं छापलंय. आत भाषेच्या यादीत इंग्लिश आणि हिंदी, बस. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी लोक आहेत, देशात तिसऱ्या नंबरची भाषा, आणि तुमच्या "भारतीय भाषा"मध्ये ती बसत नाही? गूगलचं असिस्टंट फोनवर २०१८ पासून मराठी बोलतंय, म्हणजे जमत नाही असं तर नाहीच. नसेल मराठी तर "हिंदी आणि इंग्लिश" असं सरळ छापा, आम्ही घेणार नाही, विषय संपला. लपवलं कशाला?

आईला हिंदी येतं, म्हणून हिंदीवर ठेवून बघितलं. व्हॉइस प्रोफाइल, म्हणजे स्पीकरला वापरणाऱ्याच्या आवाजाची ओळख करून देणं, ते केल्याशिवाय कॉलिंग चालू होत नाही आणि त्यासाठी स्क्रीनवरची वाक्यं वाचून दाखवायची. स्क्रीनवरची! मी कानात सांगायचो आणि ती म्हणायची, तर अर्ध्यात "आवाज ओळखता आला नाही, पुन्हा प्रयत्न करा" असं येऊन सगळं पहिल्यापासून. म्हणजे कॉलिंग गेलंच. राहिलं रिमाइंडर. आईचे डोळ्यांचे थेंब आहेत दोन प्रकारचे, वेळा पाळाव्या लागतात, दोन्हींच्या मध्ये पाच मिनिटं तरी जाऊ द्यायची असतात नाहीतर पहिलं औषध दुसऱ्याने धुऊन जातं. ती म्हणाली पावणेनऊला आठवण कर, स्पीकरने नऊची लावली. परत सांगितलं, परत नऊ. सवयीने तोंडात मराठीच येणार ना तिच्या, जन्मभर पावणेनऊच म्हणत आली आहे. गाणं चुकीचं लागलं तर हसून सोडून देऊ, औषधाची वेळ चुकली तर डोळा जातो, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. हे मी तुमच्या माणसांना सांगितलंय, तिकिटात लिहून दिलंय, तरी तिकीट बंद.

आणि आता तो कॉल. मी तो जसाच्या तसा लिहितोय कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग असणारच, प्रत्येक कॉलच्या आधी तुमची बाई तसं सांगते. काढून ऐका.

मराठीसाठी तीन दाबा म्हणून आलं, मी तीन दाबलं. समोरून हिंदी. ठीक आहे, मी हिंदीत बोललो. फोन लाउडस्पीकरवर होता कारण तो म्हणाला होता की ज्यांचा व्हॉइस प्रोफाइल आहे त्यांना सोबत बसवा. आई खुर्ची ओढून जवळ येऊन बसली, चष्मा लावला, साडी नीट केली, जसं काही कोणी साहेब घरी येणार आहे. त्याने सांगितलं वाक्य बोला. आई बोलली. त्याने सांगितलं जोरात बोला. आई जोरात बोलली. तो म्हणाला, "आवाज क्लिअर नहीं है मैडम, ठीक से बोलिए." ती परत बोलली. मग तो तिला सोडून माझ्याशी बोलायला लागला, ती तिथेच बसलेली असताना, "सर, घर में कोई और नहीं है क्या? कोई बच्चा वगैरह? उनकी आवाज़ से कर लीजिए." मी म्हटलं अहो वापरणार त्या आहेत, दुसऱ्याच्या आवाजाने काय उपयोग? त्यावर थोडा वेळ शांत, मागे दुसऱ्यांचे कॉल चाललेले ऐकू येत होते, आणि मग तो म्हणाला, "सर, डिवाइस में कोई प्रॉब्लम नहीं है. यूज़र में प्रॉब्लम है."

मी म्हटलं परत बोला. त्याने परत तेच म्हटलं. मी म्हटलं ज्यांच्याबद्दल बोलताय त्या समोर बसून ऐकताहेत. तर म्हणाला, "मैं तो फैक्ट बता रहा हूँ सर, और कोई सहायता चाहिए?"

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, रिटायर होईपर्यंत. पहिलीच्या पोरांना अक्षर आणि उच्चार तिने शिकवले, तिच्या हाताखालची पोरं आज डॉक्टर आहेत, वकील आहेत, अजून रस्त्यात पाया पडतात. तिचा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जायचा. आणि तिला तुमचा माणूस सांगतो आवाज क्लिअर नाही, ठीक से बोलिए, प्रॉब्लेम तुमच्यात आहे. ती काही बोलली नाही. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाली, "जाऊ दे रे, देऊन टाक परत, मला नाही जमायचं." मला नाही जमायचं! तुमची वस्तू चालत नाही आणि कमीपणा तिला वाटतोय. हे मी विसरणार नाही. पैशाचं दुःख यापुढे काहीच नाही. त्या पोराची नोकरी घालवा असं मी म्हणत नाही, त्याला समोर जे लिहून दिलंय तेच तो वाचतो. युजरचा दोष काढायला त्याला कोणी शिकवलं हे तुम्ही शोधा.

आणखी एक. त्या व्हॉइस प्रोफाइलसाठी आईचा आवाज तुमच्या सर्व्हरवर किती वेळा गेला देव जाणे. चाललं तर काहीच नाही, मग तो आवाज तुमच्याकडे कशाला? ॲपमध्ये रेकॉर्डिंग पुसायचं ऑप्शन आहे, पण डिव्हाइस जोडल्याशिवाय तो मेनू उघडत नाही आणि डिव्हाइस तुमच्या माणसाने रिसेट करायला लावलंय. तुम्हीच पुसा आणि पुसल्याचं लेखी द्या.

आता मला काय हवंय ते सांगतो, रिप्लेसमेंट नकोय, कूपन नकोय, पुढच्या खरेदीवर सूट तर अजिबात नकोय. पूर्ण पैसे परत, कुरिअर तुमच्या खर्चाने. आईच्या नावाने लेखी माफी, मराठीत, मोठ्या टायपात, कारण ती मला वाचून दाखवायला लागू नये. आवाज पुसल्याचा ईमेल. आणि डब्यावरून "भारतीय भाषा" काढून खरं काय ते लिहा, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या आईला हे ऐकावं लागणार नाही.

विक्री तुमच्या वेबसाइटवरून झाली आहे, त्यामुळे २०२० चे ई-कॉमर्स नियम तुम्हाला लागू आहेत. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा, तिकीट बंद करणं म्हणजे निकाल नाही. नाही झालं तर आधी १९१५ ला फोन करणार, सरकारी हेल्पलाइन आहे पण तिथे मराठीत बोलता येतं, तुम्हाला जे साडेपाच हजार घेऊन जमलं नाही. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सातारा जिल्हा ग्राहक आयोगात. ग्राहक राहतो तिथेच केस लावता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा मुद्दा मी वेगळा घालणार आहे. डब्याचे फोटो, टॉकबॅकचा व्हिडिओ, नऊच्या रिमाइंडरचे स्क्रीनशॉट, तुमचे तिकीट बंद केल्याचे सगळे मेसेज माझ्याकडे आहेत.

माझ्या घरी तुमच्या कंपनीचे हेडफोन आहेत, पॉवर बँक आहे, भावाला लग्नात तुमचाच साउंडबार दिला होता. नाव चांगलं आहे म्हणूनच आईसाठी पण तुमचंच घेतलं. यापुढे घेणार नाही.

फोन करायचा असेल तर मराठी बोलणाऱ्या माणसाला करायला सांगा, आणि माझ्या नंबरवर करा. आईच्या नंबरवर तुमच्याकडून परत कोणाचाही फोन जाता कामा नये. बिल आणि सिरीयल नंबरचा फोटो सोबत जोडला आहे.