खगोलशास्त्राच्या एम.एस्सी.ची तयारी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बी.एस्सी.चे प्रवेश सुरू झाले, की इंदूरच्या मराठी घरांतून हमखास विचारणा होते : मुलीला खगोलशास्त्र शिकायचे आहे, तर हा विषय बी.एस्सी.ला कुठे मिळेल? या शोधात वेळ दवडण्याचे कारण नाही. सिमरोलच्या आयआयटी इंदूरमध्येच खगोलशास्त्राचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे, त्याचा प्रवेश ‘जॅम’ या एम.एस्सी.साठीच्या देशपातळीवरील प्रवेश परीक्षेतून होतो आणि तिच्या भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमात खगोलशास्त्र हा स्वतंत्र घटकच नाही. तिथे लागते ते यामिकी, विद्युतचुंबकत्व, उष्मागतिकी, आधुनिक भौतिकी आणि गणित.

हे योग्यच आहे. ताऱ्यांच्या वर्णपटातील हायड्रोजनच्या रेषा सुमारे १०,००० केल्विन तापमानाला सर्वांत ठळक असतात, त्याहून तप्त ताऱ्यांत मात्र त्या फिकटत जातात, कारण तिथे बहुतेक हायड्रोजनचे आयनीभवन झालेले असते, म्हणजे त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन निघून गेलेले असतात. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांनी १९२० मध्ये या आयनीभवनाचे जे समीकरण मांडले, ते उष्मागतिकी पक्की असल्याशिवाय उमगत नाही. नारायणगावाजवळच्या खोडद येथील रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांचे संदेश जुळवून आकाशाचे चित्र उभे करण्यासाठी फूरिये रूपांतर हे गणिती तंत्र वापरावे लागते, आणि नेमका हाच भाग आमचे बहुतेक विद्यार्थी परीक्षेत ऑप्शनला टाकतात!

हौसेने दुर्बीण घ्यायला हरकत नाही (शहराच्या उजेडात तिचा उपयोग चंद्र, गुरू, शनी यांच्यापलीकडे फारसा होत नाही, हे वेगळे), पण पहिल्या वर्षापासून पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिण्याचा सराव तिच्यापेक्षा अधिक कामास येईल, कारण या क्षेत्रातील संशोधकाचा बराचसा वेळ संगणकासमोरच जातो.

खरी अडचण वेळेची आहे. ‘जॅम’चे अर्ज साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरले जातात व परीक्षा फेब्रुवारीत होते, म्हणजे तिसऱ्या वर्षी माहिती मिळालेल्या विद्यार्थ्याच्या हाती तयारीसाठी जेमतेम काही महिने उरतात. आपल्या मराठी संस्था दहावी-बारावीच्या मुलांसाठी मार्गदर्शनाचे कार्यक्रम आवर्जून घेतात. तसाच एक कार्यक्रम बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी दिवाळीपूर्वी घ्यावा आणि त्यात सिमरोलला शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला बोलवावे, अशी माझी त्यांना आपल्या पत्राद्वारे विनंती आहे.

आपली,
भौतिकशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका
रामबाग, इंदूर